सुरतेतली डावी बाजू

सुरत म्हटलं की आपल्या माणसांना साड्या आठवतात, हिरे आठवतात आणि खायचं काय काय आठवतं. मला तिथली गोडादऱ्याची वस्ती आठवते. धुळे-नंदुरबारकडून आलेली एवढी माणसं तिथं राहतात की दुकानाच्या पाट्या गुजरातीत आणि भांडणं अहिराणीत, असा कारभार आहे. माझा जन्म शिंदखेड्याकडचा. आठवीत शाळा सुटली आणि मी सुरतेला लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, आलो, पुढं टेम्पो चालवायला शिकलो. आता ओमान देशात सोहारला एका बांधकामाच्या कंपनीची पिकअप चालवतो. लिहायची सवय नाही. पण आमच्या खोलीत साताऱ्याचे एक गृहस्थ आहेत, ते म्हणाले, तू सुट्टीला जाऊन आलास आणि नुसता खिडकीत बसतोस, त्यापेक्षा लिहून काढ. त्यांचे उपकार आहेत. वाक्य कुठं वाकडं गेलं तर तेवढं माझं समजा.

या वेळची सुट्टी वेगळी होती, हे आधीच सांगतो. सोहारला परत यायचं नाही असं ठरवून मी गेलो होतो.

गोडादरा

गल्लीच्या तोंडाशी रिक्षा थांबली आणि लूमचा आवाज कानावर आला. खटाखट, खटाखट. त्या आवाजात आमच्याकडची लेकरं झोपतात. सोहारला रात्री इतकं शांत असतं की पहिल्या वर्षी मला झोपच यायची नाही. शेजारची आक्का ओट्यावर साडीच्या गठ्ठ्यात बसली होती, मान वर न करता म्हणाली, "उना का भाऊ? वाळी गया व." म्हणजे आलास का, वाळलास की रे. माझं वजन वाढलेलं आहे. पण परदेशातून आलेला माणूस वाळलेलाच असायचा, हा आमच्याकडचा नियम.

मनीषानं, म्हणजे माझ्या बायकोनं, दारात पाण्याचा तांब्या दिला. "बठा, भरीत करेल शे," बसा, भरीत केलंय, एवढंच बोलली. थंडीचे दिवस होते. हिरव्या वांग्यांचं भरीत, वर कच्चं तेल, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, कांद्याची पात. मी खाली मान घालून जेवलो. सोहारला आम्ही सहा जण आळीपाळीनं स्वयंपाक करतो, वाईट नसतो, केरळचे एक चाचा मासे फार छान करतात. पण तिथं जेवण संपलं की ताट उचलावं लागतं. इथं मी उचलायला लागलो तर मनीषा हसली. "राहू द्या. हॉटेल नाही हे."

माझी मुलगी खुशी दुसरीत आहे. ती पडद्याआडून बघत होती. फोनवर माझ्याशी पटापट बोलणारी पोरगी, समोर आल्यावर पडद्याची कड चावत राहिली. शेवटी तिनं आईला गुजरातीत विचारलं, "मम्मी, आ केटला दिवस रेवाना?" हे किती दिवस राहणार. मनीषा माझ्याकडे बघायला लागली. मी म्हणालो, "आता कायमचा." खुशीचा विश्वास बसला नाही, पण ती पडद्यातून बाहेर आली.

ठरलं होतं ते असं. मनीषाचा धाकटा भाऊ संजू ताक्यांचा टेम्पो चालवतो. लूमवर विणलेल्या कापडाच्या गठ्ठ्याला ताका म्हणतात, ते ताके गोडादऱ्यातून सचिनच्या कारखान्यांत रंगायला न्यायचे. सचिन हे माणसाचं नाव नाही, सुरतेबाहेरची औद्योगिक वसाहत आहे. तिथल्या एका शेठला आणखी एक ड्रायव्हर हवा होता आणि संजूनं माझं नाव टाकून ठेवलं होतं. शेठ म्हणाला, ठेवतो, पण लायसन चालू पाहिजे.

तिथंच अडलं होतं. माझं सुरतचं लायसन मी ओमानात असतानाच संपलं. संपल्यावर वर्षाच्या आत आलो असतो तर नुसतं नवं करून मिळालं असतं. मी आलो नव्हतो. ओमानचं लायसन इथं शेठच्या कामाला चालत नाही. म्हणजे इतकी वर्षं रोज गाडी चालवणारा मी, पुन्हा शिकाऊ लायसन काढणार, पुन्हा परीक्षा देणार, आणि हे सगळं सुट्टी संपायच्या आत. सुट्टी संपली आणि मी सोहारला हजर झालो नाही तर तिकडची नोकरी गेली. आणि इकडं पास झालो नाही तर इकडचीही. माझा स्वभाव काळजीचा. तरी भरीत दोनदा घेतलं.

पाऊस नसताना

शिकाऊ लायसन हातात आलं आणि संजूच्या टेम्पोच्या मागंपुढं लाल रंगात मोठा एल चिकटवला. खुशीनंच कात्रीनं कापून दिला. गल्लीतली माणसं बघायला आली. "ओमानमध्ये उंट चालवत होता का रे?" असं एकानं विचारलं.

मी बसलो आणि पहिल्यांदाच उजवा हात गिअरसाठी खाली नेला, तो दाराच्या कडीवर आपटला. ओमानात स्टेअरिंग डाव्या बाजूला असतं, गिअर उजव्या हाताला, आणि गाड्या रस्त्याच्या उजवीकडून जातात. सगळं आपल्या उलट. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. मी स्वतः इथंच टेम्पो शिकलो होतो. मला वाटलं, सायकलसारखं असेल, विसरत नाही माणूस.

"दाजी, तुमना हात कथा जाई ऱ्हायना?" संजू म्हणाला. हात कुठं चाललाय.

कोपऱ्यावर वळायचं म्हणून मी सिग्नल द्यायला गेलो, तर काचेवर वायपर सुरू झाला. कोरड्या काचेवर कर्र कर्र. सिग्नलची दांडीही तिकडं डाव्या हाताला असते. मागचा रिक्षावाला भोंगा वाजवायला लागला. संजू खिडकीतून बाहेर डोकावून आभाळ बघत म्हणाला, "पाऊस पडी ऱ्हायना का, दाजी?"

हसत हसतच शिकवलं त्यानं. रोज पहाटे, लूमची पाळी बदलायच्या आधी, तो आपली झोप मोडून माझ्या शेजारी बसायचा. "डावी, दाजी. डावी. जिकडं मी बसलोय तिकडं रस्त्याची कड." मी त्याच्याहून वयानं मोठा, त्यातून त्याच्या बहिणीचा नवरा. पण त्यानं एकदाही आवाज चढवला नाही. हे मी विसरणार नाही.

आमच्या सोहारला गाडीचं लायसन काढणं ही मोठी गोष्ट असते. परदेशी माणसाला तर फारच. आधी ड्रमची परीक्षा. तेलाचे रिकामे ड्रम मांडलेले असतात, त्यांच्या मधून गाडी उलटी न्यायची आणि एकालाही शिवायचं नाही. मग चढावर गाडी थांबवून मागं न घसरू देता पुढं न्यायची. मग रस्त्यावर. नापास झालेली माणसं खोलीत येऊन रडतात, कारण तिकडं लायसन असलं की माणूस ड्रायव्हर, नाहीतर हेल्पर. मी तीन वेळा ड्रमला शिवलो. शेवटी पास झालो तेव्हा केरळच्या चाचांनी माशांचा वाटा मला जास्त दिला. त्या दिवसापासून मी जरा जास्तच भिऊन गाडी चालवतो. चूक झाली तर लायसनवर काळे पॉइंट बसतात, आणि ते पॉइंट माझ्या झोपेतही बसतात.

बारडोलीचा रस्ता

शहरात हात बसत नाही म्हणून संजू म्हणाला, बारडोलीला जाऊ, मोकळा रस्ता आहे. बारडोलीकडं दोन्ही बाजूंना ऊस. तोडीचे दिवस होते, साखर कारखान्याकडं ट्रॅक्टर चाललेले, रस्त्यावर उसाची वाळली पानं पसरलेली. हवेत मळीचा आंबूस वास. मला तो आवडतो. सोहारला समुद्र आहे, मासे आहेत, डोंगर आहेत दगडाचे, लाल. सुंदर देश आहे आणि माणसं सज्जन. पण ओल्या मातीचा वास तिथं विकत घ्यावा लागेल.

चांगली गाडी चालवली मी. संजू म्हणाला, "आता पास." आम्ही एका आडव्या वाटेनं आत गेलो. तिथं एका शेतात गूळ करत होते, कढईतला गरम गूळ पानावर घेऊन खाल्ला. माझ्या मनात आलं की हे असं रोज असणार आता. संध्याकाळी घरी. रविवारी खुशीला आणून इथं गूळ दाखवायचा.

परत निघालो. आडवाटेवरून मोठ्या रस्त्याला लागताना डावीकडे वळायचं होतं. रस्ता पूर्ण मोकळा. संजूचा फोन वाजला, तो बोलायला लागला. ओमानात डावीकडे वळायचं म्हणजे रस्ता ओलांडायचा आणि पलीकडची कड धरायची. मी रस्ता ओलांडला आणि पलीकडची कड धरली. मला काही चुकतंय असं वाटलंही नाही. उलट इतक्या दिवसांत पहिल्यांदा गाडी हाताला बरोबर बसली असं वाटलं.

समोरून मोपेडवर एक म्हातारे गृहस्थ येत होते. ते आपल्या बाजूनं, बरोबर येत होते. मी ब्रेक दाबला. त्यांनी मोपेड वळवली आणि ते उसाच्या कडेच्या चारीत गेले.

धक्का लागला नाही, पण ते पडले. मी धावलो. ते मनगट धरून बसले होते, पायाला चिखल, तोंड पांढरं. कुठून कोण जाणे, ऊसतोडीची माणसं, ट्रॅक्टरवाले, दूधवाला, सगळे जमले.

"रॉंग साइड केम आवे छे?" एक जण ओरडला. दुसऱ्यानं माझी कॉलर धरून तोंड जवळ नेलं आणि वास घेतला. गुजरातेत दारूबंदी आहे, त्यामुळे पहिला संशय तोच. "पीधेलो नथी," त्यानं सगळ्यांना जाहीर केलं. प्यायलेला नाही. थोडे निराश झाले.

संजू माझ्या कानाशी लागला. "दाजी, गाडी बाजूले ल्या ना!" गाडी अजून उजव्या कडेला उभी होती, रस्ता अडला होता. आणि मी काय करावं? मी म्हणालो, "गाडी हलवायची नाही. पोलीस येऊन बघतील." सोहारला असंच शिकवलं आहे, माणसाला लागलं असेल तर गाडी आहे तिथं ठेवायची आणि पोलिसाला बोलवायचं. मी खिशातून शिकाऊ लायसन काढलं, ओमानचं लायसन काढलं, पासपोर्टची झेरॉक्स काढली आणि सगळं हातात धरून उभा राहिलो. गर्दी माझ्याकडं बघतच राहिली. आपण होऊन पोलिसाला बोलावणारा माणूस त्यांनी आधी पाहिला नसावा.

"तुम्ही येडा व्हयनात का?" संजू म्हणाला.

चारीतले म्हातारे गृहस्थ तेव्हा पहिल्यांदा बोलले. "तू क्यांनो छे, भाई?"

मी म्हणालो, काका, राहतो गोडादऱ्याला, पण गाडी ओमानात चालवतो, तिकडं उजव्या बाजूनं चालतात, म्हणून हात गेला.

"तो त्यां चलाव ने!" ते म्हणाले. मग तिथंच चालव ना.

सगळे हसले. मीही हसलो असेन, तोंड तसं झालं होतं. पण ते शब्द आत गेले ते गेलेच.

ठाकोरकाका

त्यांचं नाव ठाकोरभाई. दवाखान्यात जाताना ते आमच्याच टेम्पोत मधे बसले, संजूनं गाडी चालवली. मनगटाला तडा गेला होता, प्लास्टर घातलं. दवाखान्यातून कळवल्यावर एक हवालदार आला, चांगला माणूस होता, त्यानं ठाकोरकाकांना विचारलं की तक्रार लिहायची का.

मी भिंतीला टेकून उभा होतो. तक्रार झाली की केस, केस झाली की तारखा, मग सुट्टी संपली तरी मला जाता येणार नाही आणि लायसनही मिळणार नाही. दोन्ही दारं एकदम बंद. मला मनीषाचा चेहरा दिसत नव्हता, खुशीचा दिसत होता, पडद्याआडचा.

काकांनी प्लास्टरकडे बघितलं. मग म्हणाले, "मारे कोई फरियाद नथी." माझी काही तक्रार नाही.

हवालदार गेल्यावर मी त्यांच्या पाया पडलो. ते म्हणाले, "ऊठ, ऊठ. बेस." आणि मग अर्धं हिंदीत, अर्धं गुजरातीत त्यांनी जे सांगितलं ते मी माझ्या भाषेत लिहितो.

त्यांची मुलगी अमेरिकेत असते, तिकडंही गाड्या उजवीकडून चालतात. लग्नाआधी बारडोलीत ती जीप चालवायची, अख्ख्या गावात एकटी मुलगी. आता दोन-तीन वर्षांनी येते. काका दारात गाडी धुऊन, पुसून ठेवतात. किल्ली पुढं करतात. ती हात लावत नाही. म्हणते, "पप्पा, तुम्हीच चालवा." काकांना राग यायचा. वाटायचं, मोठी झाली, आता बापाच्या गाडीत तिला कमीपणा वाटतो. मागच्या वेळी तर ते बोलले तिला तसं. ती मागच्या सीटवर जाऊन बसली.

"आज तू दिसलास," काका म्हणाले, "समोरून, माझ्याच बाजूनं येत होतास आणि तुझा चेहरा एकदम शांत होता. चोरासारखा नव्हता. तेव्हा वाटलं, अरे, ही भीती होती तिची. आपल्या गावात आपलाच हात चुकेल याची." त्यांनी चांगल्या हातानं डोळे पुसले. "तिनं सांगायचं ना मला."

मी म्हणालो, "काका, सांगता येत नाही ते."

त्यानंतर मी एक दिवसाआड एसटीनं बारडोलीला जात होतो. त्यांचा एक हात बंद, म्हणून म्हशीचा चारा तोडून द्यायचा, पाणी भरायचं. काकी सुरुवातीला माझ्याशी बोलत नव्हत्या. तिसऱ्या खेपेला त्यांनी ताटलीत पोंक दिला. कोवळ्या ज्वारीचा हुरडाच तो, पण हे लोक त्याच्यावर लिंबू-मिऱ्याची शेव आणि साखरेचे दाणे घालून खातात. आमच्याकडं हुरड्याला लसणाची चटणी. मी तसं म्हटलं तर काकी म्हणाल्या, "तमारामां बधुं तीखुं!" तुमच्यात सगळंच तिखट. पुढच्या वेळी मी मनीषाच्या हातची चटणी नेली. काकांनी पाणी पीत पीत संपवली.

सचिन

परीक्षा मी पास झालो.

परीक्षेचं ते मैदान फार सुरेख आहे. आठच्या आकड्याचा रस्ता, चढ, उलटं जायची जागा, सगळीकडं कॅमेरे. शेजारी कुणी साहेब बसत नाही, मशीनच बघतं. रस्त्यावर पांढरे बाण रंगवलेले. बाण सांगतो तिकडं जायचं. रस्त्यावर बाण रंगवलेले असतील तर मी जगात कुठंही गाडी चालवीन. उलटं जाताना मला सोहारचे ड्रम आठवले, आणि इथं तर ड्रमही नव्हते, नुसत्या रेघा. बाहेर आलो तर संजूनं रस्त्यातच मिठी मारली. घरी खुशीनं गल्लीभर पेढे वाटले आणि प्रत्येक दारात गुजरातीत सांगितलं की पप्पा पास थई गया. दुसरीतल्या मुलीला बाप पास झाल्याचं फार कौतुक वाटलं.

शेठ भला माणूस. मला बसवून घेतलं, चहा सांगितला. "कभी ठोका है?" त्यानं विचारलं. मी बारडोलीचं सगळं सांगितलं. संजूनं टेबलाखालून माझा पाय दाबला, पण मी सांगितलं. शेठ हसला. "सब ठोकते हैं, भाई. चलाओ दो-चार दिन, देखते हैं."

गोडादऱ्यातून ताके भरायचे, उधना सोडून सचिनला जायचं. पहिल्या दिवशी मी प्रत्येक वळणावर मोठ्यानं म्हणत होतो, "डावी, डावी." इतका हळू गेलो की मागून सायकली पुढं गेल्या. शेठचा मुनीम म्हणाला, "आ भाई गाडी चलावतो नथी, गाडीने पूछे छे." हा गाडी चालवत नाही, गाडीला विचारतो. दुसऱ्या दिवशी जरा वेग आला. संध्याकाळी घरी आलो तर मनीषानं माझ्यासाठी पाणी तापवून ठेवलं होतं. खुशी माझ्या पाठीवर बसून पाढे म्हणत होती. लूम चालू होते. त्या एका संध्याकाळसाठी मी लिहितो आहे, खरं सांगायचं तर. माझ्या मनात काही काळजी नव्हती. काळजी नाही म्हणून मला चुकल्यासारखं वाटत होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी सचिनमध्ये माल उतरवला आणि रिकामा टेम्पो घेऊन बाहेर निघालो. जेवणाची सुट्टी सुरू व्हायची होती. गेटाबाहेर डावीकडे वळलो. मी काहीतरी गुणगुणत होतो. समोरून बस आली, तिनं दिवे उघडझाप केले आणि अगदी शांतपणे मला वळसा घालून निघून गेली. तेव्हा मी बघितलं. मी पलीकडच्या कडेला होतो. उजव्या.

काही झालं नाही. कुणी ओरडलं नाही, कुणी कॉलर धरली नाही, बहुधा कुणी बघितलंही नाही. मी टेम्पो डाव्या बाजूला आणून उभा केला. तेवढ्यात भोंगा वाजला आणि कारखान्यांतून माणसं जेवायला बाहेर पडली. बायका, पोरी, डबे घेऊन, एकमेकींच्या खांद्यावर हात टाकून, रस्त्याच्या कडेनं. ज्या कडेला मी मघाशी होतो त्याच कडेनं. शेवटची बाई पुढं जाईपर्यंत मी टेम्पो सुरू केला नाही.

मी परत जाऊन शेठच्या हातात किल्ली दिली. शेठ म्हणाला, "हुआ क्या?" मी म्हणालो, "कुछ नहीं हुआ, शेठ." त्यानं माझ्याकडं नीट बघितलं. मग किल्ली खिळ्याला अडकवली आणि म्हणाला, "चाय पीके जाना."

संजू चिडला. आयुष्यात पहिल्यांदा माझ्यावर चिडला. "सगळा ठोकतस, दाजी! आणि तुम्ही ठोकलंसुद्धा नाही!" त्याची चूक नाही. माझ्यासाठी झोप मोडली होती त्यानं. महिन्या-दोन महिन्यांत हात वळला असता, असं तो म्हणाला, आणि ते खरंही असेल. पण ते दोन महिने कुणाच्या तरी लेकीबाळींच्या अंगावरून जाणार होते. आणि माझ्याकडं दोन महिने नव्हतेच. सुट्टी संपत आली होती.

मनीषा साडीला टिकल्या लावत होती. सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, "लूमवर जा मग."

मी म्हणालो, "छाती नाही राहिली लूमची." दमा घेऊनच मी लूम सोडून टेम्पोवर गेलो होतो, तिला माहीत आहे.

ती पुन्हा साडीवर वाकली. एक टिकली दोनदा काढून लावली. मग म्हणाली, "जा. पण एक सांगते. पुढच्या वेळी मुलीला कायमचा आलो म्हणून सांगू नका. आलो म्हणा फक्त."

शाळेपर्यंत

निघायच्या दिवशी सकाळी खुशीला शाळेत मी सोडायला गेलो. तिनंच हट्ट धरला. ठाकोरकाकांनी आदल्या दिवशी बारडोलीहून गुळाची ढेप पाठवली होती, त्यातला खडा तिच्या गालात होता. ती शाळेतलं काही सांगत होती, मी तिचं बोट धरून ऐकत होतो. मोठा रस्ता आला. मी डावीकडं बघितलं, गाडी नव्हती, आणि पाऊल टाकलं.

तिनं मला मागं ओढलं. दोन्ही हातांनी, सगळा जोर लावून. समोरून सर्रकन एक रिक्षा गेली, उजवीकडून.

"पप्पा!" ती म्हणाली. "पेला आ बाजु जोवानुं!" आधी या बाजूला बघायचं. आणि हात करून उजवी बाजू दाखवली, जशी शाळेत बाई दाखवत असतील तशी. मग तिनं माझं बोट सोडलं आणि मनगट धरलं, घट्ट, आणि उजवीकडं बघून, डावीकडं बघून, मला पलीकडं नेलं. मी चाललो तिच्यामागं. भर रस्त्यात मला रडू आलं, पण ती रस्त्याकडं बघत होती, माझ्याकडं नाही.

शाळेच्या फाटकात चौकीदार होता. तो नवा माणूस बघून विचारायला लागला, कोण, कुणाचे. खुशीनं गुळाचा खडा एका गालातून दुसऱ्या गालात ढकलला आणि त्याला सांगितलं, "आ मारा पप्पा छे. ओमान रे छे."

हे माझे पप्पा आहेत. ओमानला राहतात.

ती सहज म्हणाली. तक्रार नव्हती, दुःख नव्हतं. कुणाचे पप्पा लिंबायतला राहतात, कुणाचे उधन्याला, तसे हिचे ओमानला. चौकीदारानं मान हलवली. ती आत पळाली, मैत्रिणींच्यात गेली. मागं वळून बघितलं नाही, घंटा झाली होती.

मी परत रस्त्याच्या कडेला येऊन उभा राहिलो. आधी उजवीकडं बघितलं. मग डावीकडं. मग पुन्हा उजवीकडं. रस्ता मोकळा होता, तरी माझा पाय उचलेना. शेवटी एक म्हातारी बाई भाजीची पिशवी घेऊन आली आणि इकडंतिकडं न बघता सरळ उतरली. मी तिच्या मागं मागं पलीकडं गेलो.